हेरोदाचे दगड आणि विधवेची दमडी

चर्चच्या इमारतीसाठी निधी उभारायचा असला की प्रवचनात एक गरीब विधवा हमखास अवतरते. येरुशलेमच्या मंदिरातील दानपेटीत धनवान लोक पुष्कळ टाकीत होते. हिने जवळची दोन लहान नाणी टाकली आणि प्रभू येशूने शिष्यांना जवळ बोलावून तिच्याकडे त्यांचे लक्ष वेधले. गोष्ट इथवर आली की प्रवचन संपते आणि पाकिटे वाटली जातात. ज्या घरात मुलाची फी थकली आहे, औषधाचे बिल फडताळात पडून आहे, ते घरही त्या विधवेला स्मरून पाकिटात जमेल तेवढे घालते.

या रूढ प्रवचनाविषयी आमची तक्रार आहे. विधवेच्या श्रद्धेबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती तिची दमडी ज्या कामी वापरली जाते त्या कामाबद्दल. ज्या मंदिराच्या पेटीत ती पडली ते मंदिर कोणी बांधले, कशासाठी बांधले, आणि त्या बाईविषयी बोलून झाल्यावर प्रभूने लगेच त्या मंदिराविषयी काय म्हटले, हे आपल्याला सहसा सांगितले जात नाही. म्हणून थोडे इतिहासात शिरणे भाग आहे.

हेरोद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नाताळच्या नाटकातला हेरोद येतो: पुठ्ठ्याचा मुकुट, काळी दाढी आणि बेथलेहेमच्या बाळांवर सोडलेले शिपाई. संत मत्तयने रंगवलेला तो हेरोद खराच आहे. परंतु त्याच्या समकालीनांना तो वेगळ्याच कारणासाठी ठाऊक होता. त्यांच्या लेखी तो बांधकामे करणारा राजा होता. वंशाने इदोमी, रोमच्या सिनेटने इ. स. पूर्व ४० मध्ये राजपद दिलेला, आणि इ. स. पूर्व ३७ मध्ये रोमन सैन्याच्या बळावर येरुशलेम जिंकून सिंहासनावर बसलेला हा माणूस इ. स. पूर्व ४ मध्ये मरण पावला. या तेहतीस वर्षांत त्याने जेवढा दगड हलवला तेवढा त्या भूमीत क्वचितच कोणी हलवला असेल.

त्याच्या बांधकामांची नुसती नावे ऐकली तरी त्याचे मन कळते. समुद्रकाठी नवे शहर वसवले, त्याचे नाव कैसराच्या सन्मानार्थ कैसरिया. तेथील बंदराचे नाव सेबास्तोस, म्हणजे पुन्हा ऑगस्टसच. शोमरोनचे नाव बदलून सेबास्ते, तोच मनुष्य तिसऱ्यांदा. मंदिराला लागून असलेल्या गढीचे नाव मार्क अँटनीवरून अंतोनिया (ती अँटनीचे दिवस भरण्यापूर्वी बांधली गेली होती, एवढेच). बापाच्या नावे अंतिपत्रिस, आईच्या नावे किप्रोस, भावाच्या नावे फसाएलिस. आणि बेथलेहेमपासून अवघ्या पाचएक किलोमीटरवर एका टेकडीवर माती चढवून ती शंकूच्या आकाराची केली, माथ्यावर गढी आणि पायथ्याशी महाल उभारला. त्या जागेला मात्र स्वतःचे नाव दिले, हेरोदियम. येरुशलेमच्या वाड्यापाशी त्याने तीन बुरूज बांधले. एक भावाच्या नावे, एक मित्राच्या नावे, आणि तिसरा मरियम्ने या आपल्या राणीच्या नावे. या राणीला त्याने इ. स. पूर्व २९ मध्ये ठार मारवले होते. तिचे लग्न शोमरोनात लागले होते. तेच शोमरोन सेबास्ते झाल्यावर, तेथेच, तिच्या दोन मुलांना बापाच्याच हुकमावरून इ. स. पूर्व ७ मध्ये गळा आवळून मारण्यात आले.

राजांची क्रूरता नवी नाही, आणि आमचा मुद्दा तो नव्हेच. घर मोडणारा हात आणि बुरुजावर घरच्यांची नावे कोरणारा हात एकच होता, इकडे आम्हाला लक्ष वेधायचे आहे. दगडावर नाव घालणे हा पश्चात्तापाला पर्याय होऊ शकतो. हेरोदाच्या बाबतीत तो झाला, आणि त्याच्यावरच थांबला असे आम्हाला वाटत नाही.

एक गोष्ट न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. इ. स. पूर्व २५ च्या सुमारास त्याच्या राज्यात भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा त्याने आपल्या वाड्यातील सोन्यारुप्याची भांडीकुंडी व अलंकार मोडून इजिप्तमधून धान्य आणवले आणि लोकांना वाटले. योसेफस हा इतिहासकार हेरोदाचा स्तुतिपाठक नव्हता; तरीही त्याने हे आवर्जून लिहून ठेवले आहे. म्हणजे वाड्यातले सोने विकून भाकरी आणता येते, हे या राजाला कळत होते. एकदा त्याने ते करूनही दाखवले. दुर्दैवाने त्याचे स्मारक त्याने बांधले नाही.

पुढे तो मेला तेव्हा काय झाले ते पाहावे. लोकांनी त्याच्या मुलाकडे पहिले मागणे घातले ते कर हलके करण्याचे. पन्नास यहुदी प्रतिनिधी रोमला ऑगस्टसपुढे गेले आणि त्यांनी गाऱ्हाणे मांडले की या राजाने परक्यांची नगरे सजवण्यासाठी आपली नगरे नागवी केली. ही तक्रार खरीच होती. दूरदूरच्या ग्रीक शहरांत त्याने देवळे, व्यायामशाळा, वसतिस्थाने बांधून दिली होती आणि ऑलिम्पिक खेळांनाही पैसा पुरवला होता. कैसरियात बंदराच्या समोर रोमा देवी आणि ऑगस्टस यांचे देऊळ होते. एका हाताने खऱ्या देवाचे मंदिर, दुसऱ्या हाताने कैसराचे देऊळ! दोन्हींचा खर्च मात्र एकाच रयतेच्या धान्यातून.

आता त्या मंदिराकडे वळू.

हेरोदाने मंदिर नव्याने बांधण्याचा बेत इ. स. पूर्व २० च्या सुमारास जाहीर केला, तेव्हा लोक आनंदण्याऐवजी घाबरले. हा जुने पाडील आणि नवे काही उभे करणार नाही, अशी त्यांना धास्ती वाटली. ती ओळखून राजाने शब्द दिला की सगळे सामान जमल्यावाचून जुन्या मंदिराचा दगड हलवला जाणार नाही. (जुने चर्च आधी पाडायचे आणि मग निधीसाठी दारोदार फिरायचे, अशी घाई ज्या धर्मग्रामांत होते त्यांनी निदान एवढ्या बाबतीत हेरोदाचा धडा घ्यायला हरकत नाही.) योसेफस सांगतो की दगड वाहण्यासाठी एक हजार गाड्या सज्ज झाल्या, दहा हजार कुशल कामगार निवडले गेले आणि पवित्र भागात सामान्य गवंड्याला शिरता येत नसल्याने एक हजार याजकांना गवंडीकाम व सुतारकाम शिकवण्यात आले. गाभारा दीड वर्षात झाला, भोवतालचे सोपे आठ वर्षांत. डोंगर पुरेना तेव्हा भिंती घालून, भराव करून सुमारे ३५ एकरांचे पटांगण तयार करण्यात आले. पश्चिमेकडील भिंतीत आजही एक दगड आहे तो तेरा मीटरांहून अधिक लांब आणि काहीशे टन वजनाचा. गालीलीतून आलेल्या कोळ्यांची मान तो पाहून मागे झुकली नसती तरच नवल.

यावर कोणी म्हणेल, मंदिर हे तर पुण्यकर्म, त्यात वावगे काय? वावगे हे की त्याच मंदिराच्या मोठ्या दरवाजावर हेरोदाने सोन्याचा गरुड बसवला. देवाच्या आज्ञेनुसार तेथे कोणत्याही प्राण्याची प्रतिमा नको होती, आणि गरुड तर रोमची निशाणी. राजा मरणपंथाला लागला असल्याची वार्ता पसरली तेव्हा यहूदा आणि मत्थिया या दोन गुरूंच्या शिष्यांनी भर दुपारी दोर लावून तो गरुड तोडून खाली पाडला. मरणोन्मुख राजाने त्या गुरूंना आणि गरुड तोडणाऱ्या तरुणांना जिवंत जाळले. ज्या मंदिराच्या बांधणीचा त्याला एवढा अभिमान होता त्याच मंदिराचा धर्म पाळणारी माणसे त्याने जाळली. त्याच्या मते मंदिर म्हणजे दगड. मंदिराचा नियम म्हणजे अडथळा.

बांधकाम त्याच्या हयातीत पुरेही झाले नाही. योहानच्या शुभवर्तमानात यहुदी लोक प्रभूला सांगतात की हे मंदिर बांधायला सेहेचाळीस वर्षे लागली. तरी तेव्हाही काम चालूच होते. २०११ साली पश्चिम भिंतीच्या पायाखाली एका जुन्या स्नानकुंडात काही नाणी सापडली. ती इ. स. १७-१८ मध्ये रोमन अधिकाऱ्याने पाडलेली. म्हणजे हेरोदाला मरून वीस वर्षे होऊन गेली तरी त्या भिंतीचा हा भाग उभा राहिला नव्हता. काम अखेर इ. स. ६२ ते ६४ च्या सुमारास संपले आणि अठरा हजार कामगार एका दमात बेकार झाले. त्यांना काहीतरी काम हवे म्हणून शहरात पांढऱ्या दगडांची फरसबंदी करण्याची परवानगी देण्यात आली. त्यानंतर दहा वर्षेही गेली नाहीत. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले व पाडले. वरून ढकललेले प्रचंड दगड भिंतीलगतच्या रस्त्यावर जसे कोसळले तसे ते एकोणीस शतके ढिगाऱ्याखाली पडून होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील ढिगारा उपसला गेला. यात्रेकरूंना आज ते दगड आणि त्यांच्या भाराने खचलेली फरशी प्रत्यक्ष पाहता येते.

आणखी एक लहानसा दगड आम्हाला त्या सर्वांहून बोलका वाटतो. १९६८ साली मंदिराच्या दक्षिण भिंतीजवळ उत्खनन चालू असताना ग्रीक अक्षरे कोरलेला एक तुकडा मिळाला. हेरोदाच्या राजवटीचे विसावे वर्ष, ऱ्होड्स बेटावर राहणारा एक गृहस्थ, फरसबंदी आणि द्राख्मे नाणी, एवढे त्यावरून वाचता येते. थोडक्यात, देणगीदाराची पाटी! आमच्या चर्चच्या दारातील संगमरवरी पाट्यांची पणजी म्हणायला हरकत नाही. त्या गृहस्थाने किती रक्कम दिली तो भाग मात्र तुटून गेला आहे.

कैसरियातही १९६१ साली असाच एक दगड सापडला. पिलाताने सम्राट तिबेरियसच्या सन्मानार्थ एक इमारत उभारली होती तिचा तो लॅटिन शिलालेख. पिलाताचे नाव आणि हुद्दा त्यावर स्पष्ट आहे. तो मिळाला नाट्यगृहाच्या पायऱ्यांत. पुढील काळातल्या गवंड्याला एक पायरी कमी पडली, त्याने हा दगड उचलून बसवला. प्रेक्षक त्याच्यावरून चढत-उतरत राहिले.

आता शुभवर्तमान उघडू. संत मार्कच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशू शास्त्र्यांविषयी सावध करतो. लांब झगे घालून मिरवणारे, सभास्थानात पुढची आसने पटकावणारे, दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणारे आणि विधवांची घरे गिळंकृत करणारे, असे त्यांचे वर्णन तो करतो. त्यानंतरच्याच ओळीत तो दानपेटीसमोर बसतो, आणि एक विधवा येते. विधवांची घरे गिळली जातात असे म्हणून झाल्याबरोबर एक विधवा येऊन आपली सगळी उपजीविका मंदिराच्या पेटीत टाकते. तिच्याजवळ रात्रीच्या भाकरीलाही काही उरत नाही. मग अध्याय बदलतो, परंतु प्रसंग बदलत नाही. अध्यायांचे आकडे तर फार पुढे, मध्ययुगात घातले गेले. मंदिरातून बाहेर पडता पडता एक शिष्य म्हणतो, गुरुजी, केवढे हे दगड, केवढ्या या इमारती! आणि प्रभू सांगतो की यातला एकही दगड दगडावर राहणार नाही.

ही तीन वाक्ये मार्कने शेजारीशेजारी ठेवली आहेत. लूकनेही तोच क्रम ठेवला आहे. ती तोडून मधलेच वाचणे हा आमच्या मते वाचनाचा अन्याय आहे. प्रभूने विधवेची स्तुती केली यात शंका नाही. सर्वांपेक्षा तिने अधिक टाकले असे त्याने म्हटले. पण तुम्हीही असेच करा, असे त्याने तेथे म्हटलेले नाही. दयाळू शोमरोनीची गोष्ट सांगून झाल्यावर मात्र त्याने नेमके तेच म्हटले आहे. हा फरक प्रवचनकारांच्या नजरेतून सुटू नये. त्याच मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू कोणावर कडाडला आहे? आईबापांना द्यायचा पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेला, असे म्हणून मंदिराकडे वळवायला शिकवणाऱ्यांवर. म्हाताऱ्या आईच्या औषधाचा पैसा दानपेटीत गेला तर देव प्रसन्न होतो असे प्रभूला वाटत नव्हते. मग उपाशी विधवेच्या शेवटच्या भाकरीचा पैसा गेलेला पाहून त्याला केवळ समाधान वाटले असेल काय? आम्हाला त्याच्या स्वरात कौतुकाबरोबर दुःखही ऐकू येते. तिने सर्वस्व दिले, आणि दिले ते अशा इमारतीला की जिच्या नशिबी आणखी चाळीसच वर्षे होती.

आमचे हे म्हणणे ज्यांना रुचत नाही त्यांच्याकडे एक हुकमी उत्तर असते: असे तर यहूदाही म्हणाला होता! बेथानीत एका स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूवर ओतले तेव्हा ते विकून गरिबांना का दिले नाही असे विचारणारा यहूदा इस्कार्योत. म्हणजे इमारतीच्या खर्चाबद्दल प्रश्न करणारा प्रत्येक जण आपोआप यहूदाच्या रांगेत उभा. हा आरोप आम्ही गंभीरपणे घेतो, म्हणून त्याला उत्तर देतो. पहिली गोष्ट, त्या स्त्रीने स्वतःचे तेल ओतले. शेजारणीकडून वर्गणी काढून नव्हे. दुसरी, तिने ते ओतले ते दोन दिवसांनी मरणाऱ्या एका जिवंत माणसाच्या मस्तकावर, भिंतीवर नव्हे. तिसरी, गरीब सदैव तुमच्याबरोबर आहेत हे प्रभूचे वाक्य नेहमी अर्धेच सांगितले जाते. मार्कमध्ये तो लगेच पुढे म्हणतो की हवे तेव्हा तुम्ही त्यांचे भले करू शकता. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातील ज्या वचनाची त्याने आठवण करून दिली त्याचा उत्तरार्ध तर गरीब भावासाठी हात मोकळा सोडण्याची आज्ञाच आहे. आणि शेवटची गोष्ट: जगभर तिची आठवण केली जाईल असे प्रभूने म्हटले, तरीही मार्कने तिचे नाव लिहिलेले नाही. तिच्यासाठी पाटीच नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. चर्च नको का? पावसात मिस्सा ऐकायची का? देवाच्या घरी चांगले काही असू नये का? असावे. प्रभूने त्या मंदिराला पित्याचे घर म्हटले, त्याच्यासाठी चाबूक उचलला, त्या नगरासाठी डोळ्यांतून पाणी काढले. प्रेषित पेन्तेकोस्टनंतरही तेथेच प्रार्थनेला जात. जुने छप्पर गळत असेल, माणसे मावत नसतील, तर बांधलेच पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले ते एवढेच, की पवित्र कलेत नुसत्या उंची थाटापेक्षा उदात्त सौंदर्य शोधावे. चौथ्या शतकात संत योहान ख्रिसोस्तोम अंत्युखियाच्या श्रीमंत श्रोत्यांना हेच अधिक तिखटपणे ऐकवीत असे: ख्रिस्त उपाशी असताना त्याच्या वेदीवर सोन्याचे प्याले कशाला? आधी भुकेल्याला जेवू घाला, मग उरेल त्यातून वेदी सजवा. सजवू नका असे तो म्हणत नव्हता. क्रम कोणता, एवढेच विचारीत होता.

आमचे भांडण क्रमाशीच आहे. आमच्या धर्मग्रामांत नवे चर्च बांधण्याचा निर्णय पुष्कळदा गरजेतून होतो, हे आम्ही मानतो. पण कधीकधी तो शेजारच्या धर्मग्रामाचा मनोरा पाहूनही होतो. धडधाकट भिंती, सागवानी तुळया, आजोबा-पणजोबांनी ज्यापुढे गुडघे टेकले तो मुख्य मंडप, हे सारे जुनाट ठरते. ग्रॅनाइट येते, झुंबरे येतात, आणि मग पाट्या. मोठ्या रकमेची पाटी दर्शनी भागी, मधल्या रकमेची जिन्याखाली, आणि ज्याने उधार काढून पाचशे रुपये दिले त्याचे नाव वहीत. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये ही शिकवण ज्या इमारतीत वाचायची, तिच्याच भिंतीवर कोणी किती दिले याची जंत्री! आणि त्या वर्षीच्या ताळेबंदात धर्मशिक्षण, आजाऱ्यांची मदत, गरजू मुलांची पुस्तके यांच्यापुढे जे आकडे असतात ते वाचकांनी एकदा स्वतः पाहावेत. आम्ही मुद्दाम एकही आकडा देत नाही; प्रत्येकाच्या धर्मग्रामाचा ताळेबंद त्याच्यापाशीच आहे.

पूर्वजांचा दाखला देऊन तोंड बंद करू पाहणाऱ्यांनाही एक उत्तर आहे, आणि ते आपल्या अंगणातच उभे आहे. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षांत जेझुइटांची, फ्रान्सिस्कनांची, डॉमिनिकनांची केवढी मंदिरे उठली! १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. आज त्या मंदिरांच्या कमानींत झाडांची मुळे शिरली आहेत, आणि जमिनीवरील थडग्यांच्या शिळांवर मोठमोठ्या घराण्यांची नावे आहेत. ती नावे वाचणारा आता कोण? परंतु किल्ल्याबाहेर, वाडीत, भाताच्या शेताकडेला, कोळीवाड्यात श्रद्धा राहिली. ती कोणत्या शिल्पकाराने राखली नाही. संध्याकाळी घरात जपमाळ म्हणणाऱ्या आजीने राखली, आणि त्या आजीकडेही बहुधा दमडीच होती.

हेरोदाकडे परत यायचे तर त्याची कबर एहूद नेट्झर या पुरातत्त्वज्ञाने अनेक वर्षांच्या शोधानंतर २००७ साली हेरोदियमच्या उतारावर शोधून काढली. तांबूस दगडाची, नक्षीदार शवपेटी शेकडो तुकड्यांत फोडलेली होती. ती हेरोदाचीच का, यावर विद्वानांत वाद आहे. ती फोडणाऱ्याला मात्र शंका नसावी. कैसरियाचे बंदर, ज्यासाठी त्याने नेपल्सच्या उपसागरातून पाण्यात घट्ट होणारी ज्वालामुखीची माती जहाजांनी आणवली होती, ते शतकभरातच लाटांखाली खचू लागले. आणि त्याच शहरात, कैसराच्या नावाच्या त्या शहरात, कर्नेल्य नावाच्या शताधिपतीच्या घरी पेत्र जेवला आणि यहुदी नसलेल्यांच्या त्या घराला बाप्तिस्मा मिळाला. त्याच शहरात हेरोदाच्या वाड्यात संत पौल दोन वर्षे कैदेत होता. प्रेषितांच्या कृत्यांत बंदराची स्तुती एका शब्दानेही नाही. कर्नेल्यची मात्र आहे, आणि ती तो गरिबांना दानधर्म करी म्हणून.

वर आम्ही तीन वाक्यांचा क्रम सांगितला. तो क्रम आमच्या रविवारच्या मिस्सेत ऐकू येत नाही, याकडे धर्मगुरूंचे नम्रपणे लक्ष वेधतो. ‘ब’ वर्षातील सामान्य काळाच्या ३२व्या रविवारी मार्कच्या बाराव्या अध्यायाचा शेवट वाचला जातो. पण त्या वाचनाचे एक आखूड रूपही दिलेले आहे, आणि त्यात विधवांची घरे गिळणारे शास्त्री गाळून थेट दानपेटीपासून आरंभ होतो. पुढच्या रविवारचे वाचन तेराव्या अध्यायाच्या मधून सुरू होते, म्हणजे दगडांचे वाक्यही गळते. लूकचा हाच भाग वर्षाच्या अखेरच्या आठवड्यात येतो खरा, पण विधवा सोमवारी आणि दगड मंगळवारी, जेव्हा चर्चमध्ये मोजकीच माणसे असतात. वाचने बदलणे आमच्या हाती नाही. पण त्या रविवारी आखूड रूप न घेता लांब रूप घ्यावे, प्रवचनात तेराव्या अध्यायाची पहिली दोन वाक्ये सांगावीत, आणि निदान त्या एका रविवारी तरी इमारत निधीची पाकिटे वाटू नयेत, एवढी आमची मागणी आहे.